ऐन उन्हाळ्यात स्वेटर! हे क्लायमेट चेंज म्हणायचं की हवेची नुसती लहर?

कुडकुड्या:
मंडळी, हातपाय आणि डोकं दोन्ही गार पडलेत म्हणून विचारतोय. उन्हाळा निम्म्याच्या वर सरला तरी अजून एकदाही कडक म्हणावं असं ऊन पडलेलं नाही. सकाळी उठावं तर ढग, दुपारी ढग, मधेच दहा-पंधरा मिनिटं सूर्य तोंड दाखवतो म्हणून कपडे वाळत घालायला बाहेर जावं तर परत भुरभुर सुरू. पंखे पुसून ठेवले होते ते तसेच आहेत. स्वेटर धुऊन डांबरगोळ्या घालून माळ्यावर टाकले होते ते परत खाली काढले आणि आता अख्ख्या घराला डांबरगोळ्यांचा वास मारतोय. आई म्हणते सांधे धरलेत, पोरगी म्हणते सुट्टी फुकट गेली, आणि ऑफिसातले एक साहेब रोज न चुकता विचारतात, "काय मग, कुठाय ते तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" जसा काही मी त्याचा एजंटच आहे!

पण खरं सांगू का, त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला पण कळत नाहीये. पृथ्वी तापतेय म्हणतात तर मग असा गार उन्हाळा येतोच कसा? आणि दुसरीकडे काही लोक म्हणतात की हाच तर क्लायमेट चेंज. म्हणजे गरम झालं तरी तेच, थंड झालं तरी तेच, पाऊस आला तरी तेच, नाही आला तरी तेच, मग हे सगळं चूक ठरायचं तरी कधी? कुणी नीट समजावेल का. आणि तोवर घरात काय करायचं ते पण सांगा, रात्री आईच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवावी असा विचार चाललाय.

घरबशी:
बाकीचं नंतर वाचा, आधी हे. शेगडी बंद खोलीत अजिबात ठेवू नका हो. कोळसा धुमसतो त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो, खोकलासुद्धा येत नाही. गॅसचा हिटर असेल तरी खिडकीला फट हवीच. गरम पाण्याची पिशवी पायाशी द्या, ती बेस्ट.

बॅरोमीटर:
शेगडीबद्दल वरचीला शंभर टक्के अनुमोदन. आता साहेबांचं बघू.

साहेब बोलतायत त्यांच्या खिडकीबाहेरच्या हवेबद्दल आणि ग्लोबल वॉर्मिंग म्हणजे सगळ्या पृथ्वीची, समुद्रासकट, वर्षानुवर्षांची सरासरी. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, त्यात काही भांडण नाही. गार उन्हाळा बहुतेक वेळा येतो तो वरच्या वाऱ्यामुळे. विषुववृत्तापासून लांबच्या पट्ट्यात साधारण नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि तो सरळ रेषेत जात नाही, सपाटीला लागलेल्या नदीसारखी वळणं घेत जातो. कार्ल-गुस्ताफ रॉस्बी या हवामानशास्त्रज्ञाने १९३९ साली या लाटांचं गणित मांडलं म्हणून त्यांना रॉस्बी लाटा म्हणतात. वळण ध्रुवाकडे वर गेलं की त्याच्या पोटात गरम हवा शिरते, खाली विषुववृत्ताकडे आलं की ध्रुवाकडची गार हवा खाली येते, सोबत ढग नि पाऊस. एरवी ही वळणं पुढे पुढे सरकत राहतात म्हणून चार दिवस गार, चार दिवस गरम असं चालतं. पण कधीकधी सगळं अडकून बसतं, त्याला ब्लॉकिंग म्हणतात, आणि मग ज्याच्या डोक्यावर जे वळण असेल ते त्याला आठवडेच्या आठवडे भोगावं लागतं. काही वेळा तर गार हवेचा एक भोवरा मुख्य प्रवाहापासून तुटून एकटाच गरगरत बसतो, त्याला वाहून न्यायला वाराच उरत नाही, आणि तो कधी हलेल ते सांगताना अंदाज देणाऱ्यांची पण तारांबळ उडते.

यातली गंमत अशी की एकीकडे गार वळण अडकलं की शेजारी कुठेतरी गरम वळणही अडकलेलंच असतं. म्हणजे तुम्ही कुडकुडताय तेव्हा हजार-दोन हजार किलोमीटरवर कुणीतरी भाजून निघत असणार. तापमानाचा अनॉमली मॅप उघडून बघा, म्हणजे सरासरीपेक्षा कुठे किती जास्त, कुठे किती कमी त्याचा नकाशा. तुमच्या भागावर निळा ठिपका दिसेल आणि बाकी बराचसा नकाशा लालभडक. साहेबांना तोच दाखवा, तोंडी वाद घालू नका.

शंकासुर:
नकाशे काय हो, जो रंग द्याल तो दिसतो. मला तुमच्या ब्लॉकिंगबिकिंगचं काही नाही, पण कुडकुड्याने विचारलेला खरा प्रश्न तुम्ही शिताफीने टाळलात. हे चूक कधी ठरणार? आणि ज्वालामुखी, सूर्य यांचं नाव पण नाही. आमच्या लहानपणी तर हिमयुग येणार म्हणून बातम्या होत्या, ते शास्त्रज्ञच होते ना?

बॅरोमीटर:
टाळला नाही, जेवायला गेलो होतो.

ज्वालामुखीचं म्हणाल तर तो खराखुरा थंडी आणतो, यात वादच नाही. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा फुटला, गंधकाची वाफ पार स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात गेली, तिथे तिचे बारीक कण होऊन ऊन परत फिरवत राहिले, आणि पुढच्या वर्षी १८१६ ला युरोप आणि ईशान्य अमेरिकेत उन्हाळाच झाला नाही. जूनमध्ये बर्फ पडला, पिकं गेली, धान्याचे दंगे झाले. त्या वर्षाला 'उन्हाळ्याविना वर्ष' असंच नाव पडलंय. अलीकडचं उदाहरण फिलिपिन्सच्या पिनाटुबोचं, जून १९९१. त्याने दीड-दोन कोटी टन सल्फर डायॉक्साईड वर फेकला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं.

आता तुमचा 'चूक कधी ठरणार'. पिनाटुबो फुटल्यावर जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या नासातल्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटर मॉडेल चालवून जानेवारी १९९२ मध्येच छापून टाकलं होतं की साधारण अर्धा अंश थंडावा येईल आणि मग तापमान परत चढेल. तापमान परत चढलं नसतं किंवा थंडावा आलाच नसता तर मॉडेल तोंडावर आपटलं असतं. झालं सांगितलं तसंच. दुसरं त्याहून जुनं. १९६७ साली स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी गणित करून सांगितलं की कार्बन डायॉक्साईड वाढला तर खालची हवा तापेल पण वरचं स्ट्रॅटोस्फिअर थंड होईल. सूर्य जास्त तापल्याने हे होत असतं तर दोन्ही तापायला पाहिजे होतं. मोजलं तर खाली तापतंय, वर थंड होतंय. मनाबेंना २०२१ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं ते हवामानाच्या अशा मॉडेल्सच्या कामासाठी. सूर्याचं तेज ११ वर्षांच्या चक्रात ०.१ टक्क्याच्या आसपास वरखाली होतं, तेवढ्याने एवढं होत नाही.

आणि हिमयुग: १९६५ ते १९७९ मधले शोधनिबंध २००८ मध्ये काही जणांनी बसून मोजले, थंडी वाढेल म्हणणारे ७, तापमान वाढेल म्हणणारे ४४, बाकीचे तटस्थ. पण पेपरात हेडलाइन झाली ती सातांची. पेपरवाल्यांचं तुम्हाला माहितीच आहे.

शंकासुर:
बरं. ७ आणि ४४ चं माहीत नव्हतं. पण मग या गार उन्हाळ्याला काय म्हणायचं ते अजून सांगितलं नाहीत, ज्वालामुखी तर कुठला मोठा फुटलेला नाही. पॅसिफिकमधल्या टोंगाचा फुटला होता ना?

बॅरोमीटर:
टोंगाचा जानेवारी २०२२ मध्ये, पण तो समुद्राखाली होता, त्याने गंधक कमी आणि पाण्याची वाफ प्रचंड वर फेकली, सुमारे १५ कोटी टन, स्ट्रॅटोस्फिअरमधलं पाणी एका दणक्यात दहा टक्क्यांच्या आसपास वाढलं. तांबोरासारखा थंडावा त्यातून आला नाही. या उन्हाळ्याला 'हवा' म्हणायचं, बस. एका उन्हाळ्यावरून ना इकडचं सिद्ध होतं ना तिकडचं. जे लोक गार उन्हाळा आला की 'बघा हाच क्लायमेट चेंज' म्हणतात ते पण घाईच करतात. ध्रुवाकडचा भाग बाकी जगापेक्षा झपाट्याने तापतोय म्हणून जेट स्ट्रीम जास्त डळमळते असा एक तर्क आहे, पण त्यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, तेव्हा तो साहेबांसमोर टाकू नका, उलटून येईल.

जुना_निरीक्षक:
बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज राहवलं नाही म्हणून लिहितो. मी नोकरीत असताना हवामान केंद्रावर रीडिंग घ्यायचो. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: पांढरी रंगवलेली लाकडी पेटी असते, चारी बाजूंना झडपा, हवा खेळती राहावी आणि ऊन आत जाऊ नये म्हणून, आणि ती जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर उभी असते. आत दोन थर्मामीटर आडवे. कमाल तापमानाच्या थर्मामीटरच्या नळीत एक चिमटा असतो, पारा पुढे जातो पण परत येऊ शकत नाही, रीडिंग झालं की हाताने झटकून खाली आणायचा. किमानच्या नळीत अल्कोहोल आणि त्यात एक बारीकशी काडी, रात्री अल्कोहोल आकसलं की तिला मागे ओढत नेतं आणि सकाळी परत पसरलं की तिला तिथेच सोडून पुढे जातं. काडीचं टोक जिथे तो रात्रीचा नीचांक. मग नळी तिरकी करून काडी परत जागेवर. हे न चुकता ठरलेल्या वेळेला, सणवार काही नाही.

आता मुद्द्याचं. बातम्यांत 'सरासरीपेक्षा दोन अंश कमी' म्हणतात तेव्हा ती सरासरी कुठली हे कुणी विचारत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नियमाने ती ३० वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकवतात. सध्या वापरतात ती १९९१ ते २०२० ची. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा त्याआधीची कुठलीतरी असायची, नंतर १९६१ ते १९९० ची आली. जगाचा विचार केला तर या दोन सरासऱ्यांमध्येच जवळपास अर्ध्या अंशाचा फरक आहे, आणि जमिनीवर फरक समुद्रापेक्षा जास्त. म्हणजे आज ज्याला तुम्ही 'सरासरीपेक्षा थोडा गार' म्हणता तो उन्हाळा जुन्या पट्टीवर ठेवला तर बऱ्याच ठिकाणी अगदी नेहमीसारखा निघतो. आमचे वडील त्याला उन्हाळाच म्हणाले असते, स्वेटर कशाला म्हणाले असते.

तुमचा यंदाचा खरोखरच फार गार असेल, त्याबद्दल मी काही म्हणत नाही, आकडे बघितल्याशिवाय बोलायची सवय नाही. पण लागोपाठ गरम उन्हाळे अंगवळणी पडले की साधा उन्हाळा पण अवेळी वाटायला लागतो. हे मी केंद्रावरच बघितलंय, नवीन पोरं ज्या रीडिंगला 'अरे केवढं कमी' म्हणायची ते जुन्या रजिस्टरमध्ये पानोपानी सापडायचं. कुडकुड्या, तुमच्या जवळच्या केंद्राचे जुने आकडे मिळत असतील तर उन्हाळ्याच्या महिन्यांची सरासरी काढा, वर्षावर वर्ष एका खाली एक लिहा, आणि यंदाचा कितवा येतो ते बघा. मोबाईलवरचं ॲप धरू नका, ते तुमच्या दारातलं तापमान नसतं, मोठ्या चौकोनाचा अंदाज असतो.

बॅरोमीटर:
काका, हे मला सुचायला हवं होतं, एक नंबर. यात एकच भर घालतो, गार रेकॉर्ड बंद झालेले नाहीत, कमी झालेत. अमेरिकेचे आकडे बघा, १९५० च्या दशकात दिवसाच्या उच्चांकाचे आणि रात्रीच्या नीचांकाचे नवे रेकॉर्ड जवळजवळ सारखेच व्हायचे, २००० च्या दशकात उच्चांक नीचांकांच्या दुप्पट झाले. नीचांक पण होतातच की. २०२४ अखेरपर्यंतच्या नोंदींत २०१५ ते २०२४ ही दहाच्या दहा वर्षं मोजणी सुरू झाल्यापासूनची सगळ्यात गरम होती, २०२४ तर औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा साधारण दीड अंश वर, आणि त्या दहा वर्षांत पण कुठे ना कुठे कुणीतरी उन्हाळ्यात ब्लँकेट काढलंच असणार.

कुंडीवाली:
तुमची जेट स्ट्रीम चालू द्या, माझे टोमॅटो मेले त्याचं काय!! म्हणजे मेले नाहीत, पण फुलं येतात नि गळतात. रात्रीचं तापमान १२-१३ अंशांच्या खाली गेलं की पराग नीट काम करत नाही, फळ धरतच नाही, आणि गारठा नि पाऊस असला की मधमाश्या पण पोळ्यातून बाहेर पडत नाहीत. टोमॅटोला तसा वारा नि भुंगे पुरतात पण दुधी-काकडीला हातानेच परागीकरण करावं लागतंय, नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या नि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं.

आणखी एक, पानांच्या खालच्या बाजूला जांभळट झाक आली म्हणून लोक लगेच खताच्या पिशव्या आणतात. थांबा जरा. बऱ्याचदा मातीत फॉस्फरस असतोच, माती गार असल्याने मुळांना तो उचलता येत नाही. माती तापली की आपोआप हिरवं होतं. खतापेक्षा कुंड्या भिंतीला टेकवून ठेवा, सिमेंटच्या फरशीवरून उचलून लाकडाच्या फळीवर ठेवा, आणि पाणी!! पाणी कमी करा. ऊन नसताना रोजच्या सवयीने पाणी घालणं हाच झाडांचा खरा शत्रू, रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी होतात ती त्यानेच. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर झारीला हात लावायचा नाही.

घरबशी:
कुडकुड्या, आईंचं सांगते, माझ्या सासूबाई पण अशाच धरलेल्या असतात. वय झालं की गारठा उशिरा जाणवतो, म्हणजे अंग थंड पडलेलं असतं पण त्यांना कळत नाही, त्यामुळे 'मला नाही थंडी वाजत' यावर विश्वास ठेवू नका, पाठीवर नाहीतर पोटावर हात लावून बघा. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात निदान १८ अंश तरी असावं म्हणते आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहून थोडं जास्तच. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर घाला, मधली हवा ऊब धरते. पायमोजे, डोक्याला काहीतरी. आणि भिजलेले कपडे लगेच बदला, पाणी हवेच्या पंचवीस पट वेगाने ऊब ओढून घेतं, पावसात भिजून वारा लागला की १५ अंशातसुद्धा माणूस गारठून आजारी पडू शकतो. लोकांना वाटतं त्याला बर्फच पाहिजे.

सुट्टीचं म्हणाल तर पोरीला रेनकोट घालून बाहेर सोडा. उन्हाची वाट बघत बसलं तर खरंच सुट्टी जाईल.

शंकासुर:
काकांचं पटलं. म्हणजे पूर्ण नाही, पण सरासरीच सरकवतात हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, बातमीत तर 'सरासरी' असं म्हणतात जसं काही ती दगडावर कोरलीय. तरी माझा एक प्रश्न शिल्लक आहे, पण तो नवीन धाग्यात टाकतो, इथे कुडकुड्याचे कपडे वाळत नाहीयेत.

कुडकुड्या:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. शेगडी माळ्यावर गेली, गरम पाण्याच्या पिशव्या आल्या. हात लावून बघितलं तर आईचे पाय खरंच बर्फासारखे होते आणि ती म्हणत होती मी मजेत आहे.

काका, जवळच्या केंद्राचे आकडे मिळाले, अर्धवट आहेत, मधली काही वर्षं गायब. पण आहेत तेवढे एका खाली एक लिहिले तर यंदाचा उन्हाळा गेल्या वीसेक वर्षांत तळाला आहे, आणि त्याआधीच्या वर्षांमध्ये नेऊन ठेवला तर पार मधे जाऊन बसतो. दोनदा तपासलं. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, त्यांनी चष्मा लावून बघितला, म्हणाले, "मधली वर्षं कुठायत?" आता मधली वर्षं कुठून आणू?

आणखी एक, आईच्या खोलीत कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आलेत, पुसले की परत येतात.

जुना_निरीक्षक:
मधली वर्षं शेजारच्या केंद्रावर मिळतात का बघा, पण दोन केंद्रांचे आकडे एकाच रांगेत मिसळू नका, उंची वेगळी असली तर अख्ख्या अंशाचा फरक पडतो. आधी दोन्हीकडे नोंदी आहेत अशी वर्षं घ्या, फरक काढा, तो वजा करून मग जोडा. साहेबांनी बरोबर विचारलंय, बरं का.

घरबशी:
ती बुरशी आहे. कोरड्या ब्रशने घासू नका, उडते नि छातीत जाते. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा, फडकं फेकून द्या. ब्लीच वापरणार असाल तर त्यात टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, गार भिंतीवर हवा अडकली की तिथेच ओल धरते. आणि मला सांगा, ओले कपडे आईंच्याच खोलीत वाळत घालताय ना?

कुडकुड्या:
हो. पंखा तिथलाच जरा जोरात फिरतो म्हणून.

घरबशी:
दोरी दुसऱ्या खोलीत बांधा, पंखा तिथे लावा, खिडकी फटभर उघडी. आजच.